हिरडा, लोह आणि पेरॉक्साइड : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात घरगुती केशरंजनाचा इतिहास

प्रस्तावना

सौंदर्यप्रसाधनांचा इतिहास हा विषय मराठी इतिहासलेखनात अद्याप उपेक्षित राहिला आहे. राजकीय घराणी, लढाया, वतने आणि महसूल यांच्या कागदपत्रांवर पोसलेल्या अभ्यासाला स्नानगृहातील कढई वा बाजारातील पाकीट हे साधन वाटत नाही. तथापि केस हा मानवी देहाचा असा भाग आहे की, ज्यावर वय, लिंग, जात, वैवाहिक स्थिती आणि धर्माचार यांची नोंद समाज सतत करीत आला आहे. ते वाढवावेत की काढावेत, मोकळे सोडावेत की बांधावेत, पांढरे राहू द्यावेत की काळे करावेत, याचे निर्णय क्वचितच केवळ व्यक्तीचे असतात.

अलीकडच्या काळात या निर्णयांत एका नव्या प्रकाराची भर पडली. केसांचा वरचा भाग मूळच्या काळ्या रंगाचा ठेवून खाली टोकांकडे तो क्रमाने फिकट करीत नेणे, यास 'ओम्ब्रे' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'छायांकित' असा असून तो आधी कापडाच्या छपाईत आणि विणकामात रूढ होता. मराठी विणकराजवळ याच्या जवळ जाणारा 'धूपछाव' हा शब्द पूर्वीपासून आहे. मात्र धूपछावीत ताण्याबाण्याच्या दोन रंगांमुळे वस्त्र हलले की रंग पालटतो, ओम्ब्रेत तो जागच्या जागी उतरत जातो. २०१० नंतर युरोप-अमेरिकेत या प्रकाराचे घरी वापरण्याजोगे संच पेटीबंद स्वरूपात विकले जाऊ लागले. आता असा संच घरपोच मागविण्यासाठी महानगरात राहण्याची गरज उरलेली नाही.

घरगुती केशरंजनाची ही परंपरा संचापासून सुरू होत नाही, हे उघडच आहे. परंतु हा संच म्हणजे जुन्या परंपरेची पुढची पायरी आहे, हा सर्वसाधारण समजही तपासून पाहावा लागतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, रसायनाच्या आणि सामाजिक अर्थाच्या अशा दोन्ही दृष्टींनी हा संच जुन्या परंपरेची उलटापालट करतो. या दोन परंपरा जेव्हा एकाच डोक्यावर भेटतात तेव्हा त्यांचे पटत नाही, आणि त्याची झळ प्रत्यक्ष देहाला बसते. या प्रतिपादनासाठी भोर आणि वेल्हे हा प्रदेश निवडण्याचे कारण त्याच्या जंगलात आहे.

प्रदेश आणि द्रव्ये

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीला लागून असलेले हे दोन तालुके स्वातंत्र्यापूर्वी मुख्यतः पंतसचिवांच्या भोर संस्थानात मोडत. संस्थानाचे विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे पाच तालुके होते. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. तालुक्यांना किल्ल्यांची नावे देण्याची ही संस्थानी पद्धत विलीनीकरणानंतर, म्हणजे १९४८ नंतर, मागे पडली. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्यास 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा एका अर्थाने संस्थानी नावच परत आले.

शिवकालीन इतिहासाच्या अभ्यासकाला हा भाग बारा मावळांच्या संदर्भात परिचित असतो. बांदल देशमुखांचे आणि बाजीप्रभू देशपांडे यांचे हिरडस मावळ याच भोर तालुक्यात येते. या मावळाचे नाव हिरड्याच्या झाडांवरून पडले असे परंपरेने सांगितले जाते. नीरेच्या खोऱ्यातील हिर्डोशी हे गावाचे नावही त्याच कुळातील दिसते. ज्या प्रदेशाने आपले नावच एका झाडाकडून घेतले, त्या प्रदेशात त्या झाडाचे आर्थिक महत्त्व काय असावे याची कल्पना यावरून येते.

हिरड्याचे फळ कोवळे असताना काढून वाळविले की तो बाळहिरडा, आणि पूर्ण वाढ झालेले ते सुरवारी हिरडा. बाळहिरड्याची वाट औषधाकडे जाते. पक्व फळात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, आणि कातडी कमावणे, कापड रंगविणे व शाई करणे या तिन्ही धंद्यांना ते लागते. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात जंगल-उत्पन्नाच्या वर्णनात हिरड्याचा समावेश आहे. मुंबई बंदरातून हिरडा परदेशी, विशेषतः इंग्लंडातील कातडी कारखान्यांकडे जात असे. सह्याद्रीच्या या पट्ट्यातील कातकरी, महादेव कोळी आणि धनगर वस्त्यांना शेतीबाहेर रोख पैसा देणाऱ्या मोजक्या वस्तूंपैकी ही एक होय.

केशरंजनाच्या दृष्टीने या फळाचा गुण वेगळाच आहे. टॅनिन आणि लोह एकत्र आले की गडद निळसर-काळा रंग तयार होतो. हिरड्याचा काढा लोखंडी भांड्यात ठेवला तर तो आपोआप काळा पडतो, हे पाहण्यास रसायनशास्त्र शिकावे लागत नाही. रंगारी हिरड्याच्या पाण्यातून काढलेले कापड हिराकशीच्या पाण्यात बुडवून काळे करीत, ते याच तत्त्वावर. हिरडा आणि हिराकस यांची शाईही अशीच होते. लोहसुद्धा या डोंगरांना परके नव्हते. दक्षिणेस लागून असलेल्या महाबळेश्वराच्या पठारावर धावड लोक एकोणिसाव्या शतकापर्यंत स्थानिक मातीतून लोखंड गाळीत असत. म्हणजे काळ्या रंगाची दोन्ही द्रव्ये या भूगोलात जवळजवळ नांदत होती.

ग्रंथातील कृती

केस काळे करण्यासाठी हेच तत्त्व वापरल्याचा अतिशय स्पष्ट पुरावा सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त मिळतो. ग्रंथ मुख्यतः ज्योतिषाचा आणि शकुनांचा. परंतु त्यातील गंधयुक्तीच्या अध्यायाचा प्रारंभ अत्तरांनी न होता केशरंजनाने होतो. पांढऱ्या केसांच्या माणसाला माळा, सुगंध, वस्त्रे आणि अलंकार शोभत नाहीत, म्हणून आधी केसांकडे पाहावे, असा त्याचा व्यवहारी युक्तिवाद आहे.

कृती अशी. लोखंडी पात्रात कोद्रवाचे तांदूळ आंबवलेल्या द्रवात लोहचूर्णासह शिजवावेत, बारीक वाटावेत आणि त्याच आंबट द्रवाने ओल्या केलेल्या केसांवर थापून डोके ओल्या पानांनी गुंडाळावे. दोन प्रहरांनी तो लेप काढून आवळ्याचा लेप द्यावा, पुन्हा पाने बांधावीत आणि आणखी दोन प्रहरांनी धुवावे. नंतर सुगंधी तेलांनी लोखंडाचा आणि आंबटाचा वास घालवावा आणि अंतःपुरात राज्यसुखाचा उपभोग घ्यावा.

या वर्णनातील प्रत्येक पायरीला कारण आहे. आंबट द्रवात लोह विरघळते आणि केसांत शिरते. ओली पाने लेप सुकू देत नाहीत. मग आवळ्यातील टॅनिन त्या लोहाला भेटते आणि काळा रंग केसांतच तयार होतो. दोन द्रव्ये, दोन टप्पे, ठरलेला वेळ, झाकण आणि शेवटी दुर्गंधी घालविणारे सुवासिक द्रव्य : आधुनिक पेटीतील दोन बाटल्या, टोपी आणि कंडिशनरची पिशवी यांच्याशी याचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. फरक वेळेचा आहे. चार प्रहर म्हणजे बारा तास, आणि बारा तास डोक्याला पाने बांधून बसण्याची सवड ज्याला असेल तोच या कृतीचा वाचक होय. तो पुरुष आहे आणि त्याला अंतःपुर आहे, हेही विसरता कामा नये.

आयुर्वेदाने पांढऱ्या केसांना 'पलित' म्हणून रोगांत जागा दिली. सुश्रुताने क्षुद्ररोगांत त्याची गणना केली असून क्रोध, शोक आणि श्रम यांनी वाढलेली देहाची उष्णता डोक्यात जाऊन केस पिकविते, असे कारण सांगितले आहे. उपचारांत त्रिफळा, माका, नीळ आणि लोह ही द्रव्ये वारंवार येतात, आणि त्रिफळ्यातील एक फळ हिरडाच होय. भोर-वेल्ह्याच्या घरांत वराहमिहिराची कृती चालत होती असा दावा येथे अभिप्रेत नाही. परंतु मेंदी रात्रभर लोखंडी कढईत भिजवावी, तिच्यात चहाचे पाणी आणि आवळा-शिकेकाईची पूड घालावी, हा महाराष्ट्रातील असंख्य घरांतला परिपाठ त्याच तत्त्वावर उभा आहे. मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस; तिला गडद करण्याचे काम कढईचे लोह आणि चहा-आवळ्यातील टॅनिन करतात. कढई 'चांगली जुनी' हवी, असे बजावणाऱ्या आजीला कारण विचारले असते तर तिने ते दिले नसते. मात्र परिणाम तिला ठाऊक होता.

पिकणे आणि लपविणे

मराठीत केस 'पिकतात'. फळ पिकते, पान पिकते, तसे केसही. या क्रियापदात क्षय नाही, परिपक्वता आहे. 'माझे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत' हे वाक्य अनुभवाचा अधिकार सांगण्यासाठी वापरले जाते. भाषेने पांढऱ्या केसांना असा मान दिला असताना ते काळे करणाऱ्या कलपाकडे मात्र तिने संशयाने पाहिले आहे. कलप लावणारा माणूस मराठी विनोदात आणि गावगप्पांत हमखास हास्यास्पद ठरतो. त्याच्या कानशिलावरचा ओघळ, मिशीचा नको इतका काळा रंग, यांवर सगळ्यांचे लक्ष असते.

या उपहासाला एक गंभीर पार्श्वभूमी आहे. एकोणिसाव्या शतकात जरठ-कुमारी विवाह ही महाराष्ट्रातील उच्चवर्णीय समाजाची जिवंत समस्या होती. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' (१८९९) याच विषयावर उभे आहे. वय लपवू पाहणारा वृद्ध वर हा त्या काळात नुसता विनोदाचा विषय नव्हता, कारण त्याच्या लपवाछपवीची किंमत एखादी बालिका आयुष्यभर मोजणार असे. कलपाविषयीचा सामूहिक संशय येथून बळकट झाला असावा, असे म्हणण्यास जागा आहे.

त्याच काळात त्याच समाजातील विधवेसमोर प्रश्न केसांच्या रंगाचा नव्हताच. ब्राह्मण व काही अन्य जातींत विधवेचे केशवपन होत असे. केस काळे की पांढरे, हा प्रश्न उद्भवण्यासाठी आधी केस राखण्याचा अधिकार हवा. ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) या पुस्तकात विधुराला मोकळीक आणि विधवेला बंधन या विषमतेवर प्रहार केला. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांची सभा होऊन विधवांच्या केशवपनास नकार देण्याचा निर्धार झाला. हा नकार ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांच्याकडून आला, ही बाब सामाजिक इतिहासात जेवढी अधोरेखित व्हावी तेवढी झालेली नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला व १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापिला. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले स्वतः सकेशा नव्हत्या. आश्रमासाठी वर्षानुवर्षे वर्गणी गोळा करीत हिंडलेल्या या बाईंनी पुढे केशवपन सोडून केस वाढविले. 'सकेशा विधवा' हा शब्दप्रयोगच त्या काळी वादाचा विषय होता, हे आजच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागते.

तात्पर्य, महाराष्ट्रातील स्त्रीचा आपल्या केसांवरचा हक्क ही शंभर-सव्वाशे वर्षांतील कमाई आहे. ओम्ब्रेला 'पोरींची थेरं' म्हणून निकाली काढणाऱ्याने हा इतिहास ध्यानात घेतलेला बरा.

डांबरापासून पाकिटापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दगडी कोळशाच्या डांबरातून कृत्रिम रंग निघू लागले. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाला जांभळा रंग मिळाला आणि त्या शतकाच्या अखेरीस, १८९७ पासून, जर्मन कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात येऊन भारतीय निळीचा धंदा बसला. नीळ हे केशरंजनाचेही जुने द्रव्य; मेंदीवर निळीच्या पानांचा लेप देऊन केस काळे करण्याची पद्धत पश्चिम आशियापासून भारतापर्यंत प्रचलित होती. याच डांबरी रसायनांच्या कुटुंबातील पॅरा-फेनिलिन-डायअमाइन, अर्थात 'पीपीडी', या द्रव्याने केशरंजनाचा पुढील इतिहास घडविला. ते स्वतः रंगहीन असते. केसांत शिरल्यावर पेरॉक्साइडच्या वा हवेच्या संपर्काने त्याचे मोठे रंगीत रेणू तयार होतात आणि ते मग बाहेर पडू शकत नाहीत. यूजीन श्युलर या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९०७ मध्ये असा केसरंग तयार केला व १९०९ मध्ये जी कंपनी स्थापिली तीच पुढे 'लोरेआल' म्हणून जगभर पसरली. या कंपनीचा एक कारखाना पुणे जिल्ह्यातच, चाकण येथे, २००४ मध्ये सुरू झाला.

या द्रव्याचा धोका फार लवकर लक्षात आला होता. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पीपीडीयुक्त पापणीरंगाने काही स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, अंधत्वाच्या घटना घडल्या. १९३८ च्या तेथील कायद्यामागे ज्या घटना होत्या त्यांत ही ठळक होती. तरीही त्या कायद्याने डांबरी केसरंगांवर बंदी घातली नाही. धोक्याची सूचना छापण्याच्या अटीवर त्यांना सूट दिली. भारतातही औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांनी वेष्टनावर सावधगिरीची सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत देणे बंधनकारक केले : काही व्यक्तींच्या त्वचेला दाह होऊ शकतो, आधी थोड्या जागेवर लावून पाहावे, भुवया-पापण्यांना वापरू नये. धोका पत्करण्याचा निर्णय अशा रीतीने राज्यसंस्थेकडून आणि उत्पादकाकडून निघून वापरणाऱ्याच्या वाचनक्षमतेवर येऊन ठेपला.

भारतीय बाजारात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात द्रवरूप केसरंग, पाण्यात कालवायची पूड आणि 'काळी मेंदी' असा क्रम दिसतो. काळी मेंदी हे नाव मोठे फसवे आहे. मेंदीच्या पानात काळा रंग नसतो. पाकिटावर पानाचे चित्र आणि आत पीपीडी, असा प्रकार सर्रास असतो. राजस्थानातील सोजतची मेंदी, जिला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती तांबूसच रंगते. १९८० नंतर शांपूच्या एकवेळच्या पाकिटांनी ग्रामीण बाजारपेठ उघडली आणि केसरंगही त्याच वाटेने गेला. डोंगरातल्या वाडीतील किराणा दुकानात जे पाकीट पोहोचते त्याला विक्रेता, डॉक्टर वा केशकर्तनकार यांपैकी कोणाचेही मार्गदर्शन लागत नाही.

या सुलभतेची दुसरी बाजू भारतीय वैद्यकीय नियतकालिकांतून गेल्या काही दशकांत पुढे आली आहे. स्वस्त केसरंग पिऊन केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नांची प्रकरणे अनेक राज्यांतील रुग्णालयांनी नोंदविली. चेहरा व घसा सुजून श्वास कोंडणे, स्नायूंचा नाश आणि मूत्रपिंडे निकामी होणे, अशी या विषबाधेची लक्षणे असून तिच्यावर उतारा नाही. रुग्णांत तरुण स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय असते. ज्या वस्तूचा इतिहास अंतःपुरातील राज्यसुखापासून सुरू झाला तिच्या इतिहासातील हे पान वाचणे क्लेशदायक आहे. परंतु ते गाळून केशरंजनाचा सामाजिक इतिहास लिहिता येणार नाही.

उलट दिशेचे रसायन

येथवर जी साधने पाहिली, म्हणजे लोह-आवळा, मेंदी, नीळ आणि पीपीडी, ती सर्व केसांत काही तरी घालतात. ओम्ब्रे संच केसांतून काही तरी काढून घेतो. काळ्या केसांचा रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे असतो, आणि भारतीय केसांत ते विपुल असते. संचातील विरंजक पूड व पेरॉक्साइडचे द्रावण कालवून टोकांना लावले की मेलॅनिन नष्ट होऊ लागते. काळा रंग जाताना आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळसर छटा दिसतात. वेष्टनावरील चित्रातल्या फिकट मधाळ रंगापर्यंत पोहोचण्याआधीच भारतीय केस पुष्कळदा नारिंगीवर थांबतात. पेरॉक्साइडचा शोध १८१८ मध्ये थेनार या फ्रेंच शास्त्रज्ञाने लावला, आणि केस उजळण्यासाठी त्याचे प्रदर्शन १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात झाले. जेथे मूळ केसच फिकट, तेथे हे रसायन रुजले. त्याचे प्रमाण, वेळ आणि चित्रे त्या केसांसाठी बेतलेली होती.

सामाजिक दिशाही उलटली. कलप वय लपवितो आणि आपण लावलाच नाही असे भासवितो. त्याचे यश न दिसण्यात असते. ओम्ब्रे हा दिसण्यासाठीच असतो. मूळ काळे आणि टोक इतके ठळक फिकट असा केस निसर्गतः क्वचितच आढळतो, म्हणून येथे फसवणुकीचा आरोप संभवत नाही. शिवाय तो केसांच्या मुळांना हात लावत नाही. कलपाचे दास्य महिन्यागणिक वाढणाऱ्या पांढऱ्या मुळांमुळे असते. ओम्ब्रेत वाढणारे मूळ काळेच अपेक्षित आहे. नसरापूर वा कापूरव्होळहून रोज पुण्याला शिकायला वा नोकरीला जाणाऱ्या मुलीच्या दृष्टीने यात आणखी एक सोय संभवते : अंबाडा घातला की टोके आत जातात, आणि घरात फारच बोलणी बसली तर ती कापता येतात. इतकी माघारीची वाट ठेवणारी दुसरी बंडखोरी क्वचितच असेल.

सूचनापत्रकातील एक ओळ

दोन परंपरांचा प्रत्यक्ष संघर्ष कोठे होतो, हे पाहण्यासाठी संचातील सूचनापत्रक उघडावे लागते. त्यात बारीक टाइपात एक ओळ बहुधा असते : मेंदी किंवा धातुक्षार असलेला रंग लावलेल्या केसांवर हे उत्पादन वापरू नये. पाश्चात्त्य वाचकाला ही ओळ किरकोळ अपवाद वाटेल. ज्या समाजात मेंदी हाच घरगुती केशरंजनाचा पाया आहे, तेथे मात्र ही ओळ बहुसंख्येला उद्देशून आहे.

तिचे कारण रासायनिक आहे. लोह, तांबे यांसारखे धातू पेरॉक्साइडच्या विघटनाला प्रचंड गती देतात. मिश्र मेंदीच्या पाकिटांतील धातुक्षार केसांत साठलेले असताना वर पेरॉक्साइड लावले तर मिश्रण तापते, फसफसते, आणि केस तुटून हातात येऊ शकतात. निव्वळ पानाच्या मेंदीत क्षार नसतात. परंतु तिचा रंग केसाच्या शृंगीद्रव्याला, म्हणजे केराटिनला, इतका घट्ट धरून बसतो की विरंजनाने तो सरळ उतरत नाही, चट्टेपट्टे मात्र पडतात. लोखंडी कढईतल्या मेंदीने थोडे लोह केसांना दिलेलेच असते. म्हणजे जे लोह वराहमिहिराच्या कृतीत रंगाचा प्राण होते तेच येथे अपघाताचे कारण ठरते. आईच्या वा आजीच्या हातची मेंदी वर्षभर लावलेल्या मुलीने संच उघडला की दीड हजार वर्षांची एक रसायनपद्धती आणि दीडशे वर्षांची दुसरी, अशा दोघींची गाठ तिच्या केसांत पडते. आणि तिला सावध करणारी ओळ बारीक टाइपात, पुष्कळदा परभाषेत असते.

पूर्वीच्या पद्धतीत हे ज्ञान कागदावर नव्हते, माणसांत होते. न्हाण्याच्या दिवशी शिकेकाई उकळणारी, मेंदी थापणारी आणि 'आता पुरे' म्हणून डोक्यावर पाणी घालणारी दुसरी स्त्री तेथे असे. केशरंजन घरगुती होते, पण एकटीचे नव्हते. डोक्याची मागची बाजू स्वतःला दिसत नाही, ही साधी अडचण त्या सहवासाने सुटत असे. संच एका व्यक्तीसाठी बांधलेला आहे : एक जोडी हातमोजे, एक ब्रश, एक पत्रक. मैत्रीण नसेल तर मागचे केस अंदाजानेच रंगवावे लागतात, आणि ओम्ब्रेची मुख्य शोभा तर पाठीवरच असते. या दृष्टीने पाहता संचाने घरगुती केशरंजन घरात आणले नाही. घरातल्या घरात त्याला एकटे पाडले.

हिरड्याच्या बाजूने पाहिले तर चित्र निराळे आहे. केसांच्या आणि कापडाच्या काळ्या रंगासाठी त्याला मागणी उरली नाही; क्रोमच्या क्षारांनी कातडी कमावण्याची पद्धत आल्यावर तोही आधार आक्रसला. औषधी बाळहिरड्याचा भाव वर्षागणिक खालीवर होतो, आणि झाडावर चढणाऱ्याच्या हाती त्यातले थोडेच लागते. पुण्यातील दुकानांत 'नैसर्गिक', 'आयुर्वेदिक' अशी वेष्टने ल्यालेले केसरंग विकले जातात तेव्हा त्यावर छापलेल्या त्रिफळ्याच्या चित्रात हिर्डोशीच्या डोंगरातले फळ असते. त्या फळाच्या मोलाचा किती भाग त्या डोंगराकडे परततो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी हाती घ्यावा असा आहे.

केशरंजन करणाऱ्या व्यावसायिकांत एक चाचणी रूढ आहे, आणि ती घरी करणे अवघड नाही. विंचरताना निघालेले गुंतवळ टाकून न देता त्यातील लहानशी बट काचेच्या वाटीत घेऊन तयार मिश्रणात अर्धा तास बुडवून ठेवावी. वाटी तापली, बुडबुडे आले, केस हिरवट झाले वा चिवटपणे ताणले जाऊ लागले, तर केसांत धातू आहे असे समजून पेटी बंद करावी. गुंतवळ जपून ठेवण्याची सवय जुन्या घरांत होतीच. त्याची गंगावने होत, आणि दारावर येणारा फेरीवाला गुंतवळाच्या बदल्यात सुया-पिना, पुढे स्टीलची भांडी देत असे.